कोकणातल्या शाळेला शिक्षक मिळवायचा कसा आणि पहिला पावसाळा टिकवायचा कसा

परवा शेजारच्या गावच्या शिक्षण संस्थेचे नवे चिटणीस घरी आले. निवडणूक होऊन पंधरा दिवस झाले होते, अध्यक्ष आणि खजिनदार दोघेही मुंबईला, आणि शाळेची किल्ली यांच्या हातात. चहा अर्धा व्हायच्या आत म्हणाले, "भाऊ, गणिताचा मास्तर कुठं मिळेल तेवढं सांगा." जणू वाशीच्या बाजारात पेट्या लावून ठेवल्यात, भाव करायचा आणि उचलायचा.

पोस्टातली नोकरी संपवून मी राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो आणि वर्षभरात संस्थेचं चिटणीसपद गळ्यात पडलं. पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा, पट दीडशेच्या आतबाहेर. इतक्या वर्षांत शिक्षक आणले, घालवले, काही राखलेसुद्धा. त्या चिटणिसांना जे तोंडी सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२, आणि दर वर्षी आपण राज्यात पहिले म्हणून पेढे वाटतो. त्यामुळे इथे शिक्षकांची अडचण असेल असं बाहेरच्या कुणाला वाटत नाही. मुंबईत राहणाऱ्या आपल्याच अध्यक्षांनाही बरेचदा वाटत नाही.

पायरी १: आपली शाळा कुठल्या जातीची ते आधी ओळखा

हसू नका. नव्या कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. शाळा पूर्ण अनुदानित आहे, अंशतः अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, यावर पुढचं सगळं ठरतं. अनुदानित असेल तर पगार सरकार देतं, पण माणूस निवडण्याची मोकळीक फारशी नसते. स्वयंअर्थसहाय्यित असेल तर मोकळीक सगळी तुमची आणि पगाराची चिंताही तुमचीच. दोन्हीकडे १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. ती नियमावली विकत आणा आणि कपाटात न ठेवता टेबलावर ठेवा. तुमच्या मुख्याध्यापकांना ती पाठ असेल. चिटणिसाला नसली की काय होतं, ते मला शाळा न्यायाधिकरणाची, म्हणजे शाळा-कर्मचाऱ्यांची अपिलं चालवणाऱ्या न्यायालयाची, पहिली नोटीस आली तेव्हा कळलं.

पायरी २: जागा किती आहेत ते मोजा, पुढच्या पाच वर्षांच्या धरून

दर वर्षी संचमान्यता होते. ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि तोही आधार वैध असलेल्या मुलांचा, त्यावर तुम्हाला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. दोन मुलं कमी पडली म्हणून एक पद जातं आणि तो शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत पाठवला जातो, हे आपल्याकडे नवीन नाही. शिक्षक टिकवण्याचं पहिलं काम म्हणूनच ऑगस्टमध्ये सुरू होतं. मुख्याध्यापकांबरोबर बसा आणि आधारात नावाची, जन्मतारखेची चूक असलेली मुलं शोधा. आमच्याकडे आंबा बागांवर राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं शाळेत येतात, मन लावून शिकतात, पण त्यांच्या कागदपत्रांचा घोळ असतो. देवगड-रत्नागिरीच्या बंदरांवरच्या खलाशांच्या मुलांचंही तेच. एकदा अशाच चार मुलांपायी आमचं एक पद तराजूत लोंबकळत होतं. गणपतीच्या आधी दोन दिवस जीप करून पोरांना तालुक्याच्या आधार केंद्रावर नेलं तेव्हा ते वाचलं.

एका कागदावर सगळ्या शिक्षकांची जन्मतारीख, विषय आणि निवृत्तीचा महिना लिहून तो कार्यालयात चिकटवा. निवृत्तीचं वय ५८. हा कागद पाहिला की कळतं, की विज्ञानाच्या बाई तीन वर्षांनी जाणार आहेत आणि तयारीला आत्तापासून लागायला हवं. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ३: बिंदुनामावली तयार ठेवा, भरतीची लाट सांगून येत नाही

आरक्षणाची बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं याची नोंदवही, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय तुमची रिकामी जागा पुढे सरकतच नाही. जुन्या नोंदी चुकीच्या असतात, कुणाचं जात वैधता प्रमाणपत्र फायलीत नसतं, १९९० च्या दशकातला एखादा आदेश सापडत नाही. आमचा एक आदेश माजी अध्यक्षांच्या माळ्यावर, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात मिळाला. याला महिने जातात.

आणि महिने आपल्याकडे नसतात. राज्यातली शिक्षकभरती पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळामधून होते आणि त्यासाठी उमेदवारांनी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दिलेली असावी लागते. २०० गुणांची ही परीक्षा पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसऱ्यांदा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन परीक्षांमधलं अंतर पाच वर्षांचं! ती पाच वर्षं ज्यांनी काढली त्यांना विचारा. भरती सुरू झाली की ज्यांची नामावली तयार, त्यांच्या जागा पोर्टलवर चढतात. बाकीचे पुढच्या फेरीपर्यंत हात चोळत बसतात.

पायरी ४: पवित्र पोर्टलचा रस्ता

अनुदानित शाळांनी हे वाचावं, बाकीच्यांनी पायरी ५ वर उडी मारली तरी चालेल.

क्रम साधारण असा: रिकामं पद, विषय, प्रवर्ग आणि माध्यम पोर्टलवर भरायचं, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाकडून तपासून घ्यायचं, मग जाहिरात प्रसिद्ध होते, उमेदवार पसंतीक्रम देतात आणि गुणांनुसार शिफारस येते. खाजगी संस्थांना दोन पर्याय असतात, मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह. पहिल्यात पोर्टल पाठवेल तो उमेदवार तुमचा. दुसऱ्यात काही उमेदवार मुलाखतीला येतात आणि त्यांतून तुम्ही निवडता.

माझं मत विचाराल तर कोकणातल्या आडगावच्या शाळेने मुलाखतीचा पर्याय घ्यावा. पैसे खाण्यासाठी अजिबात नव्हे. पोर्टल येण्याआधी काय काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पवित्र आलं ते मुख्यतः त्याचसाठी. मुलाखतीचा फायदा हा, की उमेदवार एकदा तुमच्या गावापर्यंत प्रवास करून येतो. राजापूर स्थानकात उतरून, दोन एसट्या बदलून, शेवटचे दोन किलोमीटर चालत आलेला माणूस 'हो' म्हणाला तर त्या होकाराला वजन असतं.

निवड झाली की तो तीन वर्षं शिक्षण सेवक. ही पद्धत २००० सालापासूनची. मानधन बरीच वर्षं लाजिरवाणं होतं, जानेवारी २०२३ पासून ते पहिली ते आठवीसाठी १६,००० आणि नववी-दहावीसाठी १८,००० झालं. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी. हे आकडे उमेदवाराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. घरून फोन येतो तेव्हा तो वडिलांना हेच आकडे सांगणार आहे.

पाचवी ते आठवीच्या पदासाठी शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र बघाच. आणि आधीपासून नोकरीत असलेल्यांचं काय, ते आता सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने बदललंय. आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. पाचहून कमी उरली असेल तर नोकरी राहते, पदोन्नती मात्र नाही. तुमच्या शाळेत पंचेचाळिशीचे, उत्तम शिकवणारे आणि परीक्षेच्या नावाने रात्री जागणारे एखादे सर असतील. त्यांना अभ्यासाला वेळ काढून द्या, निदान निवडणुकीच्या याद्यांची कामं त्यांच्याच गळ्यात पडणार नाहीत एवढं बघा. नवा शिक्षक आणण्यापेक्षा आहे तो राखणं केव्हाही स्वस्त.

पायरी ५: मधली दोन-तीन वर्षं कोण शिकवणार?

पद रिकामं झालं आणि नवा माणूस आला, या दोन्हींमध्ये दहावीच्या दोन तुकड्या पार पडून जातात. त्या काळात तासिकेवर किंवा संस्थेच्या मानधनावर कुणीतरी लागतंच. आम्ही सुरुवातीला वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचो. लातूर, बीड, नांदेडहून अर्ज यायचे, पोरं हुशार असायची, दोन महिने राहायची आणि जायची. दहा हजारांत घरापासून सहाशे किलोमीटरवर कोण राहील? मीसुद्धा राहिलो नसतो.

मग आमच्या शिपाईमामांनी एक गोष्ट सांगितली, ती या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगाची आहे. म्हणाले, "भाऊ, गावातल्या सुनांची शिक्षणं विचारा." आम्ही खरंच विचारली. आजूबाजूच्या पाच वाड्यांत एक एम.एस्सी. बी.एड., एक इंग्रजीतली बी.ए. बी.एड. आणि दोन डी.एड. झालेल्या बाया निघाल्या. एक काजू सोलत होती, एक बचत गटाचा हिशेब लिहीत होती. एम.एस्सी.वाल्या बाईंनी आमच्याकडे चार वर्षं विज्ञान शिकवलं. सासूबाईंना राजी करायला मात्र मला तीनदा चहाला जावं लागलं.

सुना झाल्या की दुसरा साठा: मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेले शिक्षक. महापालिकेच्या किंवा उपनगरातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस सकाळी कलमांना पाणी घालून दहा वाजता मोकळाच असतो. त्याला पैशांपेक्षा मान हवा असतो, आणि मान द्यायला संस्थेला खर्च येत नाही.

एक कागदी खबरदारी घ्या. आदेशात नेमणूक तात्पुरती आहे, कधीपर्यंत आहे आणि कशावर आहे, हे स्वच्छ लिहा. "बघू, पुढे करून घेऊ" असं तोंडी आश्वासन कुणालाही देऊ नका. अशा आश्वासनावर आठ-दहा वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं वय निघून गेलं आणि आश्वासन देणारा अध्यक्ष तसबिरीत गेला.

पायरी ६: मुलाखत घ्यायची कशी

तीन सूचना. पहिली, पाठ घेऊन दाखवायला सांगा आणि तो खऱ्या वर्गावर. आठवीची वीस पोरं आणि अपूर्णांक, बस. कार्यालयात खुर्चीवर बसून सगळेच विद्वान दिसतात. पोरं मालवणी वळणाने "सर, माका समाजला नाय" म्हणाली की समोरचा हसतो, चिडतो की परत सांगतो, तेवढं बघा.

दुसरी, उमेदवार बाई असतील तर लग्न कधी, मूल कधी, असले प्रश्न विचारायचे नाहीत. कमिटीतल्या कुणा काकांना ते विचारल्याशिवाय राहवत नसेल, तर त्या दिवशी काकांना मंडपाचं काम द्या.

तिसऱ्या सूचनेमागे माझीच चूक आहे. एका डिसेंबरात आम्ही विज्ञानाच्या एका तरुण सरांना गाव दाखवला. हवा गार, कलमं मोहरलेली, खाडीवर संध्याकाळचं ऊन. मी त्यांना समुद्रावर नेलं, सोलकढी पाजली, नारळ दिले. ते भारावले. जूनमध्ये रुजू झाले तेव्हा आठ दिवस वीज नव्हती, खोली गळत होती आणि त्यांच्या फोनला रेंज मिळायची ती फक्त देवळामागच्या कातळावर. गणपतीच्या सुट्टीत घरी गेले ते गेलेच. त्यांनी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही, फसवलं होतं ते मी.

आता आम्ही उमेदवाराला जुलैतल्या रस्त्याचे फोटो दाखवतो. शेवटची एसटी किती वाजता, दवाखाना किती लांब, रेंज कुठल्या कंपनीची येते, एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी किती असतं, सगळं सांगतो. दोघे-तिघे नको म्हणतात. म्हणू देत.

पायरी ७: मान्यता, शालार्थ आणि न आलेला पगार

रुजू करून घेतलं म्हणजे झालं असं नवे चिटणीस समजतात. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगारप्रणालीत नाव आणि आयडी, आणि त्यानंतर पगार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे शिक्षण खात्यात कोल्हापूर विभागात येतात, त्यामुळे आपली फाईल घाट चढून जाते. कागद एकही कमी असला तर ती घाट उतरून परत येते. २०२५ मध्ये नागपूर भागातलं बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण उघडकीला आल्यापासून तपासणी आणखी कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. जाहिरात, निवड समितीचं इतिवृत्त, ठराव, नेमणूक आदेश, रुजू अहवाल हे सगळं त्याच दिवशी, त्याच तारखेचं, मूळ सह्यांनिशी फायलीत लावा. मागाहून तयार केलेला कागद ओळखू येतो.

पण तोपर्यंत या पोराने खायचं काय? पहिलं मानधन हातात पडायला कित्येक महिने जातात, आणि नवे शिक्षक कोकण सोडतात त्यातले बरेचसे याच महिन्यांत. आम्ही दोन उपाय केले. मुंबई मंडळाकडून, म्हणजे मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून, थोडी रक्कम वेगळी काढून ठेवली. त्यातून नव्या शिक्षकाला महिन्याला ठरावीक उचल द्यायची, मागचं मानधन एकरकमी आलं की त्याने ती परत करायची, व्याज नाही, आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. दुसरा उपाय फुकटातला. गावातल्या किराणा दुकानदाराला चिटणिसाने स्वतः जाऊन सांगायचं, "सरांचं खातं उघडा, माझ्या नावावर." आजवर एकानेही बुडवलेलं नाही.

पायरी ८: खोली

या पायरीवर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त शिक्षक आम्ही इथे गमावले.

गावात रिकामी घरं ढिगाने असतात आणि भाड्याने एक मिळत नाही. घर मुंबईकरांचं, चाव्या चुलत्याकडे, चुलत्याचं आणि त्यांचं बोलणं बंद. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात त्यांना घर हवं असतं, म्हणजे शिक्षकाने वर्षातून तीनदा बिछाना गुंडाळायचा. त्यामुळे नेमणुकीच्या ठरावाबरोबरच खोलीचा ठराव करा. कुणाचं घर, किती भाडं, सणाच्या दिवसांत काय, वीजबिल कुणाचं, सगळं आधी लेखी.

खोली बघताना पावसाळ्याच्या डोळ्यांनी बघा. कौलं चाळून घेतली आहेत का? पडवीत कपडे वाळत घालायला दोरी आणि जागा आहे का? जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार चार दिवस वाळत नाहीत आणि घाटावरून आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच रडकुंडीला येतो. संडास घराच्या आत आहे की अंगणापलीकडे? रात्री पावसात बॅटरी घेऊन जायचं असेल तर वाटेवर फुरशी, म्हणजे छोटे विषारी साप, असतात, हे नव्या माणसाला सांगायलाच हवं. सड्यावरच्या जांभ्या दगडांच्या गडग्यात हात घालू नका, चपलेशिवाय बाहेर पडू नका, आणि सर्पदंशाची लस असलेलं जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, हे तिन्ही पहिल्याच संध्याकाळी. पायाला जखम असेल तर शेताच्या चिखलात उतरू नका आणि ताप आला तर अंगावर काढू नका, हेही सांगा. लेप्टोचा ताप आपल्याला सवयीचा झालाय, त्यांना त्याचं नावही माहीत नसतं.

आता अवघड गोष्ट. घरमालक तुम्हाला हळूच विचारेल, "सर कुठले? म्हणजे... कोणातले?" आपल्या गावांत हे विचारलं जातं, आणि ते लपवून हा लेख पुरा व्हायचा नाही. एका अतिशय गुणी शिक्षकाला आमच्या गावात याच कारणाने महिनाभर खोली मिळाली नाही, आणि तेवढे दिवस ते शाळेच्या प्रयोगशाळेत झोपले. त्यांना ते कळलं होतं, मला ते कळलंय हेही त्यांना कळलं होतं, आणि आम्ही दोघे हवापाण्याबद्दल बोलत होतो. त्यानंतर संस्थेने स्वतःच्या जागेत दोन खोल्या बांधल्या, जांभ्याच्या, वर पत्रा, आत संडास-न्हाणी. खर्च आला, मुंबईला नाटकाचा प्रयोग लावून तो उभा केला. तुम्हाला जमत असेल तर सभागृहाला रंग आणि कमानीला नाव द्यायच्या आधी या दोन खोल्या बांधा.

जेवणाचंही बघा. मराठवाड्यातल्या माणसाला ज्वारीची भाकरी लागते आणि आपल्याकडे तांदळाची. आमचे एक सर दर महिन्याला कोल्हापूरहून दहा किलो ज्वारी आणवायचे आणि गिरणीवाला कुरकुर करायचा, की तांदळाच्या मागून ज्वारी दळली की जातं खराब होतं. शेवटी शनिवार ज्वारीचा ठरला. मासे न खाणाऱ्यांनी शेजारच्या बांगड्याच्या वासाबद्दल तक्रार केली तर मनावर घेऊ नका. दुसऱ्या वर्षी तेच बाजारात सुरमईचा भाव विचारताना दिसतात.

पायरी ९: जून ते शिमगा

नव्या शिक्षकाचं खरं प्रशिक्षण हे नऊ महिने. एक जुना शिक्षक त्याच्या जोडीला द्या, शक्यतो विषयाचा नसला तरी शेजारी राहणारा. पहिल्या महिन्यात वर्गशिक्षकपद, पोषण आहाराची नोंद, यूडायसची (शाळेच्या माहितीची) ऑनलाइन नोंद आणि स्नेहसंमेलन हे सगळं एकाच्याच पाठीवर टाकायचा मोह होतो, कारण तो नवा आणि संगणक जाणणारा असतो. आवरा. पहिलं वर्ष त्याला फक्त शिकवू द्या.

भाषेकडे लक्ष द्या. 'खय', 'वायच', 'माका' हे शब्द आठ दिवसांत कळतात, पण पोरांचं सानुनासिक बोलणं आणि उलट प्रश्न विचारायची सवय घाटावरच्या शिक्षकाला उद्धटपणा वाटते. तो उद्धटपणा नाही हे त्याला कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

गणपतीत त्याला एकटा सोडू नका. सगळी शाळा, सगळा गाव घराघरांत गुंतलेला असतो, एसट्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात, आणि बाहेरचा माणूस रिकाम्या खोलीत बसून आरत्या ऐकतो. घरी जायला तिकीट मिळत नसेल तर तुमच्या घरी जेवायला बोलवा, भजनाला बसवा, टाळ हातात द्या. आमचे एक बीडचे सर आता बाल्या डान्समध्ये नाचतात. शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायला मिळाली तर मात्र तो माणूस राहिला असं समजायला हरकत नाही. अर्थात पालखीला हात कुणी लावायचा याचे मान ठरलेले असतात, तेव्हा आधी गावकाराशी, म्हणजे गावच्या मानकऱ्याशी, बोला, नाहीतर करायला जाल एक.

सुट्टीचं वेळापत्रक ही छोटी वाटणारी मोठी गोष्ट. कोल्हापूर-सांगलीकडचे शिक्षक शनिवारी दुपारी अणुस्कुरा, गगनबावडा नाहीतर आंबा घाटाने घरी जातात. शनिवारचा शेवटचा तास त्यांना नसला तर त्यांची गाडी मिळते, असला तर रविवार सकाळ उजाडते. मुख्याध्यापकांनी पेन्सिलने एक चौकोन इकडचा तिकडे केला की एक शिक्षक वर्षभर खूश राहतो. दरड कोसळून घाट बंद झाला, किंवा राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात आलं आणि सोमवारी सर पोचले नाहीत, तर कारणे दाखवा नोटीस काढू नका. फोन करा आणि सुखरूप आहात ना विचारा.

पायरी १०: कमिटीने आपले हात आवरावेत

हे नव्या पदाधिकाऱ्यांना आवडत नाही. मुंबईचे अध्यक्ष मे महिन्यात येतात, वर्गात जाऊन फळ्यावर प्रश्न लिहितात आणि शिक्षकाला पोरांसमोर विचारतात. वाडीतला एखादा सदस्य मुलाला कमी गुण मिळाले म्हणून स्टाफरूममध्ये आवाज चढवतो. यातल्या एका प्रसंगाने जेवढं नुकसान होतं तेवढं तीन महिने पगार न मिळाल्यानेही होत नाही. शिक्षकाशी बोलायचं ते मुख्याध्यापकांमार्फत, असा ठरावच करा आणि इतिवृत्तात नोंदवा.

सेवापुस्तकाची नोंद दर वर्षी अद्ययावत आहे का, वेतनवाढ लागली का, वैद्यकीय देयक कुठे अडलंय, याची चौकशी मात्र चिटणिसाने करावी. तीन वर्षं पुरी होण्याच्या सहा महिने आधी नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव तयार ठेवा. नियमित झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं. १८,००० वर तीन वर्षं काढलेल्या माणसाला त्यानंतरचा एकेक महिना उशीर टोचतो.

जिल्हा परिषद शाळांविषयी थोडं

शाळा व्यवस्थापन समितीत नव्याने आलेले पालकही हे वाचतील. तुमच्या हातात नेमणूक नाही. आंतरजिल्हा बदल्यांत आपल्याकडून शिक्षक स्वतःच्या जिल्ह्यात जातात, कधी शेकड्यांनी, आणि वाडीतली दोनशिक्षकी शाळा एका रात्रीत एकशिक्षकी होते. त्यांचाही राग धरू नका, आईबाप तिकडे म्हातारे होत असतात. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, बदली होऊन जागा रिकामी झाली की त्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना ठरावासह लेखी पत्र. फोन मोजत नाहीत. दोन, आलेल्याला खोली आणि पाणी. बाकी पायरी ८ आणि ९ तुम्हालाही जशाच्या तशा लागू.

पायरी ११: जायचं म्हणाला तर

तरीही काही जण जातातच. मुलं शाळेच्या वयाची झाली, बायकोला तिकडे नोकरी लागली, पुढच्या भरतीत घराजवळची शाळा मिळाली. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि तात्पुरत्याने एका महिन्याची नोटीस द्यायची असा नियम आहे. नोटीस काळ पुरा करायला सांगा, पण मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची ती जुनी खोड कृपा करून मोडा. रुजू होताना मूळ कागद तपासून त्याच दिवशी परत द्यायचे आणि फायलीत साक्षांकित प्रती ठेवायच्या. ज्यांचे कागद आम्ही सन्मानाने परत केले, त्यांतल्या दोघांनी नंतर स्वतःच्या जागी आपल्या ओळखीतला माणूस पाठवला.

जाणाऱ्याकडून एक वही मागून घ्या. कुठला धडा कुठवर झाला, दहावीतली कोणती पोरं कशात कच्ची, प्रयोगशाळेतल्या कुठल्या कपाटाची किल्ली अडकते, कुठल्या मुलाचे वडील बोटीवर असतात म्हणून घरी फोन कधी करायचा. आमच्याकडे अशा सहा वह्या झाल्या आहेत. त्यातल्या एकीच्या शेवटच्या पानावर नव्या माणसासाठी लिहिलंय: "वस्तीची गाडी पहाटे पाच चाळीसला सुटते, कंडक्टरला आदल्या रात्री सांगून ठेवा, तो थांबतो. आणि खोलीच्या मागच्या कोपऱ्यातलं तिसरं कौल मी दर जूनमध्ये बदलत होतो."